अठरा पिशव्या

तिसऱ्या दिवशी होडी आली, नारिंगी, सरकारी,
तिच्यात दुधाच्या अठरा पिशव्या
आणि वही घेतलेला एक मुलगा.
त्यानं विचारलं, घरं किती?
आम्ही जिन्यातून ओरडलो, बत्तीस.

विश्वामित्री पार्किंगमध्ये गळ्याइतकी उभी होती.
तळमजल्याची आठ घरं वरच्यांच्या हॉलमध्ये,
परक्या गाद्यांवर, बंद पंख्यांखाली.

मग जिन्यावरच कोर्ट भरलं.
मी अठ्ठावीस वर्षं न्यायमंदिरात टायपिस्ट होते,
‘न्यायना हितमां’ हे दोन शब्द
माझी बोटं अजून झोपेत उमटवतात,
पण असं कोर्ट पाहिलं नव्हतं:
न्यायाधीश नाही, सगळेच वकील,
आणि मुद्देमाल हातात नासत चाललेला.

कीर्तिदाबेन म्हणाल्या, यात मोजायचं काय?
ज्यांच्याकडे लेकरं, त्यांना आधी.
खासनीस म्हणाले, लेकरं असणं हा काय हक्क झाला?
मेंटेनन्स सगळे सारखा भरतात,
तर सगळ्यांना सारखं. पातेलं आणा. मापू या.
वरच्या मजल्यावरचा ध्रुमिल कठड्याला टेकून म्हणाला,
तळमजला स्वस्त का होता
ते घेताना ठाऊक नव्हतं का कुणाला?
शकूताई आपल्या एकुलत्या चपलेकडे बघत राहिल्या.
दुसरी वाहून गेली होती.

ध्रुमिलचं म्हणणं नेहमीचंच:
सरकारनं दोन कामं करावीत,
चोर पकडावेत, करार पाळायला लावावेत,
बाकी माणसं आपापलं बघून घेतात.
त्यालाच आदल्या रात्री दोन वाजता
मीटरच्या पेटीजवळ मगर दिसली,
आणि वनखात्याचा नंबर
त्याच्या फोनमध्ये आधीपासून होता.
हसलो आम्ही.
पण टायपिस्टनं दोन्ही बाजू उतरवायच्या असतात, म्हणून लिहिते:
पहिल्या रात्री शकूताईंच्या सासऱ्यांना
पाठुंगळी घेऊन तीन जिने तोच चढला,
आणि त्याच्या इन्व्हर्टरवर
सगळ्या बिल्डिंगचे फोन फुकट चार्ज झाले.
कुठल्या कलमाखाली, हे कुणी विचारलं नाही.

पातेलं आलं.
खासनीस पाठकोऱ्या कागदावर
नऊ लिटर भागिले बत्तीस मांडत होते,
तेव्हा खालच्या पायरीवरून आवाज आला,
‘अमारुं लख्युं?’

वॉचमन भलसिंग राठवा,
त्याची बायको, तीन मुली,
टोपलीखाली झाकलेली एक कोंबडी,
तीन दिवस जिन्याच्या वळणावर होती.
कुणी लपवली नव्हती त्यांना.
आम्ही त्यांना ओलांडूनच वर-खाली करत होतो.
बत्तीसमध्ये ती नव्हती, इतकंच.

विचारणारी धाकटी होती, सहा वर्षांची.
होडीतल्या मुलानं वहीत पाहिलं.
रकान्यावर छापलेलं: घर क्रमांक.
त्यानं पेन चावलं,
वर आमच्याकडे पाहिलं, कुणीच काही बोललं नाही,
मग त्यानं लिहिलं: जिना.

खासनीसांनी बत्तीस खोडून तेहतीस केले.
कीर्तिदाबेन पुटपुटल्या, त्या घरात तर पाच माणसं.
ते भांडण अजून संपलेलं नाही.

माझ्या ओट्याखाली दूध-पावडरचा डबा होता, न उघडलेला.
मी रांग सोडली नाही.
एक पेला आणि वर दोन घोट, माझ्या वाट्याचं
मी मोजून घेतलं.

पाणी ओसरल्यावर भिंतींवर रेघ राहिली,
सेक्रेटरीच्या गाडीवर, देवळीवर, वॉचमनच्या खोलीवर,
सगळीकडे अगदी एका पातळीत.
इतकी समान वागणूक मी कुठल्याच निकालात टाइप केली नाही.

भलसिंग ती रेघ खरवडतोय.
डबा ओट्याखालीच आहे.